सुपारीच्या बेटावर दुसऱ्यांदा: क्रूझनं पेनांगला परत जायचंय त्यांच्यासाठी

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही भरलेला असला तर. त्यामुळं परभणी-नांदेड-लातूरकडचा माणूस पहिल्यांदा क्रूझवर जातो तेव्हा त्या जहाजानं दाखवलेलं पहिलं बेट मनात घर करून बसतं, पुढं दहा ठिकाणं बघितली तरी ते हलत नाही. आमचं ते बेट म्हणजे मलेशियातलं पेनांग. जानेवारी २०१३ मध्ये मी आईला घेऊन सिंगापूरहून क्रूझनं तिथं गेलो होतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत गेलो, या वेळी बायको आणि मुलगी सोबत होती, आई नव्हती, ती २०२१ ला देवाघरी गेली. आल्यापासून पाहुणे, ऑफिसातले, गल्लीतले सगळे विचारायलेत की कसं गेलात, काय कागद लागतात, दुसऱ्यांदा जाण्यात मजा आली का, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. पहिल्यांदा क्रूझवर चाललेल्यांनाही यातलं बरंच कामी येईल, पण माझ्या डोळ्यासमोर जास्त करून ती माणसं आहेत जी एकदा जाऊन आलीत आणि ज्यांना ते बंदर परत बघायचंय.

१. बुकिंगच्या आधी वही घ्या आणि काय आवडलं होतं ते नेमकं लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि हेच कुणी करत नाही. "पेनांग लई भारी होतं" एवढ्यावर तिकीट काढू नका. काय भारी होतं? कुठला रस्ता, कुठली वेळ, कोण सोबत होतं, काय खाल्लं? मी लिहायला बसलो तर पानभर लिहीन असं वाटलं होतं, प्रत्यक्षात तीनच गोष्टी निघाल्या. एक, गाड्या आणि माणसं दोन्ही घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थ गावाला जाणारी जुनी जाडजूड दुमजली फेरी. दोन, पाण्यावर लाकडी खांबांवर उभी असलेली घरं, च्यू जेट्टी. आणि तीन, लिटल इंडियाच्या, म्हणजे तिथल्या भारतीय वस्तीच्या, एका कोपऱ्यावर गजरे आणि पानं विकणारी एक तमिळ आजी.

ती आजी का, ते सांगतो. आईला जेवणानंतर सुपारी लागायची, रोजची, चाळीसेक वर्षांची सवय. निघताना मीच तिला भीती घातली की बाहेरच्या देशात तपासणी असते, सुपारी नको, आणि तिनं मुकाट डबी घरी ठेवली. अडकित्ता मात्र मोठ्या बॅगेत तसाच राहिला, तो जहाजावर चढताना सिक्युरिटीनं काढून घेतला, पावती दिली आणि शेवटच्या दिवशी परत केला. मग जहाजावर गाइडनं सांगितलं की पेनांगचं मलय नाव पुलाऊ पिनांग, पुलाऊ म्हणजे बेट आणि पिनांग म्हणजे सुपारी, त्यांच्या राज्याच्या झेंड्यावरसुद्धा सुपारीचं झाड आहे. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बेटाचं नावच सुपारी हाय म्हणायलेत, अन् माझी सुपारी तू परभणीत ठेवाय लावलीस." तिला मग त्या कोपऱ्यावर ती आजी दिसली. एकीला मराठी येतं, दुसरीला तमिळ, मधी कुठलीच भाषा नाही, पण आईनं बोटानं दाखवलं आणि त्या बाईनं सुपारी कातरून हिरव्या पानात ठेवून दिली, पैसे घेतलेच नाहीत. दोघी तिथं स्टुलावर दहा मिनिटं बसून होत्या. आईनं पुढची आठ वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला पेनांगचं हेच सांगितलं, जहाजाचं काही नाही.

तर असं नेमकं लिहा. मग जुने फोटो काढा आणि माणसांच्या मागं काय दिसतंय ते मोठं करून बघा. दुकानाची पाटी, खांबावरचं रस्त्याचं नाव, काहीही. तिथं लेबुह म्हणजे मोठी गल्ली किंवा स्ट्रीट, लोरोंग म्हणजे बोळ, जालान म्हणजे रोड. एकाच रस्त्याला मलय नाव वेगळं आणि इंग्रजी वेगळं असतं, म्हणजे लेबुह पांताई आणि बीच स्ट्रीट एकच, लेबुह पासार आणि मार्केट स्ट्रीट एकच. माझ्या फोटोत आईच्या खांद्यामागं "पासार" एवढंच दिसत होतं, त्यावरून जागा सापडली. मॅपवर पिन टाका आणि तो मॅप घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

२. जहाज तिथं किती तास थांबतं ते बघा

क्रूझच्या जाहिरातीत बंदरांची नावं असतात, तास बारीक अक्षरात असतात. मला दुसऱ्या वेळेला दोन क्रूझमधून निवडायचं होतं, एकीत पेनांगला दुपारनंतर पोचून रात्री निघायचं, दुसरीत सकाळी पोचून संध्याकाळी. मी सकाळचं घेतलं, भाडं थोडं जास्त होतं तरी. संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची मजा असते हे खरं, पण किल्ला, मंदिरं, जुने वाडे हे सगळं तोवर बंद व्हायला लागतं.

हिशोब असा करा. कागदावर ८ तास असतील तर उतरायला रांग, इमिग्रेशन यात सुरुवातीचा एक तास जातो, आणि जहाज सुटायच्या आधी साधारण अर्धा ते एक तास सगळ्यांनी आत असावं लागतं, त्याच्याही आधी अर्धा तास आपण पोचलेलं बरं. म्हणजे हातात राहिले साडेपाच-सहा तास. सहा तासांत जॉर्जटाउन, म्हणजे जुनं शहर, आरामात पायी होतं. पेनांग हिलसाठी निम्मा दिवस जातो. त्या डोंगरावर जाणारी रेल्वे १९२३ ची आहे, २०११ मध्ये नवीन गाड्या आल्या, वर ८०० मीटरच्या आसपास उंचीवर गार वारं लागतं, सगळं खरंय, पण रांग किती लागेल हे आधी सांगता येत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं डोंगर किंवा केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर यातलं एक घ्यावं. परत जाणाऱ्यानं, तुमच्या वहीत डोंगर लिहिलेला नसेल तर, सरळ सोडून द्यावा.

३. कागदपत्रं, इथं ढिलाई नको

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत निघतो. त्यात एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची: एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे का. कारण तुम्ही विमानानं सिंगापुरात शिरता, जहाजानं बाहेर पडता आणि तीन-चार दिवसांनी जहाजानंच परत शिरता, म्हणजे दोन वेळा प्रवेश झाला. आमच्याच जहाजावर चढायच्या रांगेत जालन्याकडचं एक जोडपं होतं, त्यांच्या व्हिसावर एकच प्रवेश होता, एजंटनं सांगितलंच नव्हतं, बिचाऱ्यांना बाजूला बसवलं आणि पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, जहाजावर मात्र ते दिसले नाहीत. दोन-अडीच लाख रुपये आणि वर्षभराची हौस असते हो त्यात. व्हिसा हातात आला की स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत, आणि जहाजानं परत उतरताना दुसऱ्यांदा नवीन भरायचं. मलेशियाला भारतीयांसाठी १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ आहे आणि ही सवलत २०२६ च्या शेवटापर्यंत वाढवलेली आहे, त्यांचंही डिजिटल अरायव्हल कार्ड असतं. दोन्ही कार्डं पूर्ण फुकट आहेत. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट सापडतात, पैसे मागितले की ती साइट बंद करायची. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालू पाहिजे.

आता बॅगेत काय नको ते, आणि हे मी आपल्या भागातल्या माणसांना मुद्दाम सांगतोय. तंबाखूची पुडी, गुटखा सिंगापूरला अजिबात नेऊ नका, खायच्या तंबाखूवर तिथं पूर्ण बंदी आहे. सिगारेट एकसुद्धा ड्यूटी-फ्री नाही. च्युइंगगम नको. आणि खसखस नको! हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, खसखस तिथं अमली पदार्थांच्या कायद्यात येते, म्हणून घरचा काळा मसाला किंवा खसखस घातलेले लाडू बॅगेत टाकत असाल तर थांबा. धपाटे, शेंगादाण्याची चटणी विमानाच्या प्रवासात खाऊन संपवा, कारण बहुतेक जहाजं घरी शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही, कारण चढताना मोठी बॅग तुमच्याकडून घेतात आणि केबिनवर कधीकधी संध्याकाळी पोचते.

४. घरापासून जहाजापर्यंत

आपल्याकडून मुंबई धरायची असेल तर देवगिरी आहे, नंदीग्राम आहे, आता नांदेडहून वंदे भारत आहे. नांदेड, देगलूर, उदगीरच्या लोकांनी हैदराबादचा विचार करा, अंतर कमी पडतं आणि सिंगापूरची थेट विमानं तिथूनही आहेत. मुंबईहून विमान साडेपाच तासांच्या आसपास. काहीही करा पण जहाज सुटायच्या आदल्या दिवशी सिंगापुरात मुक्काम पाहिजे. रेल्वे लेट, विमान लेट, यातलं काहीही झालं तरी जहाज कुणासाठी थांबत नाही.

सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनलं आहेत. एक मरीना बे क्रूझ सेंटर, त्याला मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन जवळ. दुसरं हार्बरफ्रंटला. तिकिटावर कुठलं आहे ते बघून टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगा, नुसतं "क्रूझ टर्मिनल" म्हणू नका.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करून ठेवा, आपल्याकडं तो बंद असतो. प्लग तिथं चौकोनी तीन पिनांचा लागतो, अडॅप्टर इथूनच घ्या.

५. जहाजावरचा पहिला दिवस

केबिन तीन प्रकारच्या, आतली बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची. तीन-चार रात्रींसाठी आतली चालते, दिवसभर आपण वर डेकवरच असतो. आई तेव्हा आतल्या केबिनमध्ये झोपली होती आणि तिला रात्री दोनला उठल्यावर दिवस आहे की रात्र कळेना, घाबरली होती, म्हणून म्हातारं माणूस सोबत असेल तर निदान खिडकी घ्या एवढंच म्हणेन. शाकाहारी, जैन जे असेल ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं.

चढलं की एक कार्ड मिळतं, तीच तुमची खोलीची चावी, तेच पाकीट, तेच उतरता-चढतानाचं ओळखपत्र. जहाजावर रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं आणि शेवटी बिल येतं. बक्षिशी, म्हणजे ते लोक ग्रॅच्युइटी म्हणतात ती, बहुतेक ठिकाणी रोजची माणशी वेगळी लागते, आधी विचारून धरून ठेवा. सुरुवातीला सेफ्टी ड्रिल असतं, लाइफ जॅकेट, कुठं जमायचं वगैरे, ते मन लावून करा.

फोन जहाज सुटायच्या आधी एरोप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क आपोआप पकडतं आणि त्याचे दर साध्या रोमिंगमध्ये येत नाहीत, घरी आल्यावर बिल बघून झोप उडते. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीनं झाकलेली, त्यामुळं पाणी बहुतेक शांत असतं, तरी ज्याला एसटीत मळमळतं त्यानं डॉक्टरांना विचारून गोळ्या ठेवाव्यात.

वेळेचं एक सांगून ठेवतो. सिंगापूर आणि पेनांगची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. पण तुमची क्रूझ फुकेतलाही जात असेल तर थायलंड तासभर मागं आहे, तिथं मोबाइल स्वतःहून वेळ बदलतो आणि जहाज बदलेलच असं नाही. मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याच्याकडंच बघा.

६. उतरल्यावर पहिला तास: वहीतली पहिली ओळ

पेनांगची चांगली गोष्ट ही की जहाज स्वेटनहॅम पिअरला, गावाच्या अगदी उंबऱ्यावर लागतं. बाहेर पडलं की टॅक्सीवाले, टूरवाले गराडा घालतात. त्यांना हसून नाही म्हणा आणि चालायला लागा. समोर पांढरा घड्याळाचा मनोरा दिसतो, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून तिथल्या एका चिनी धनिकानं बांधून दिलेला, वर्षाला एक फूट असा ६० फूट. त्याच्या शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस इथं उतरला तिथंच तो आहे. आपला नळदुर्ग, औसा, देवगिरी बघितलेल्या माणसाला तो किल्ला अंगणाएवढा वाटेल, पण समुद्राकडं तोंड करून ठेवलेली १६०३ ची डच तोफ बघण्यासारखी आहे, मूल व्हावं म्हणून बायका तिला फुलं वाहायच्या असं सांगतात.

पण थांबा, परत जाणाऱ्यानं इथंही रेंगाळायचं नाही. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे: वहीत जे पहिलं लिहिलंय तिथं आधी जा, पहिल्याच तासात, आणि चालत जा. लोक काय करतात, आवडती जागा शेवटाला ठेवतात, "जाता जाता बघू" म्हणतात, मग दिवसभर मनात तीच असते, दुसरं काही धड दिसत नाही, आणि शेवटाला पळत जाऊन पाच मिनिटांत फोटो काढून यावं लागतं. आधी गेलात आणि ती जागा तशीच सापडली तर निवांत बसता येतं. नाही सापडली तरी कळून जातं, आणि पुढचे पाच तास तुमच्याकडं असतात.

मी पिअरपासून दहा-बारा मिनिटांत लेबुह पासारला पोचलो. साड्यांची दुकानं, स्पीकरवर तमिळ गाणी, उदबत्ती आणि तळणाचा वास, हे सगळं अगदी तसंच. कोपऱ्यावर ती आजी नव्हती. स्टूल नव्हतं. मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. मी फोनमधला फोटो शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराला दाखवला, त्यानं बराच वेळ बघितला आणि मान हलवली. बारा वर्षांनी दुसरं काय होणार, हे मला परभणीतही माहीत होतं, पण त्या फरशीवर उभं राहून ते मान्य करायला वेळ लागला. बायको काही बोलली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आजी नेमकी कुठं बसली होती?" मी जागा दाखवली. ती तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आता माझा फोटो काढा, मागं "पासार" दिसलं पाहिजे. तो फोटो आता आईच्या फोटोशेजारी लावलाय.

७. मग बाकीचं शहर, आणि ते का बदललं

जुनी जागा हरवली की माणूस चिडतो, "सगळं टुरिस्टांसाठी करून ठेवलंय" म्हणतो. मीही म्हणणार होतो. पण कारण कळलं की राग जरा निवतो. जॉर्जटाउनच्या जुन्या घरांना कित्येक वर्षं भाडेनियंत्रणाचा कायदा होता, भाडी नाममात्र, त्यामुळं लहान दुकानदार, कारागीर तिथंच टिकून होते. तो कायदा २००० सालापासून उठला, भाडी वाढली, पुष्कळ जुनी कुटुंबं बाहेर गेली. मग ७ जुलै २००८ ला युनेस्कोनं जॉर्जटाउन आणि मलाक्का या दोन शहरांना जागतिक वारशात घेतलं, घरं पाडायची थांबली, डागडुजी झाली, आणि त्याच घरांत हॉटेलं-कॅफे आले. म्हणजे भिंती वाचल्या आणि आतली माणसं बदलली. आपल्याकडं जुन्या बाजारपेठेत राहणाऱ्याला हे लगेच समजेल.

भिंतींवरची चित्रंही तशीच. आर्मेनियन स्ट्रीटवरची सायकलवरची दोन मुलं, खरी सायकल भिंतीला लावून बाकी चित्र रंगवलेलं, ती लिथुएनियाचा चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच यानं २०१२ मध्ये काढली. आम्ही २०१३ ला बघितली तेव्हा रंग ओला असल्यासारखा होता आणि समोर चार माणसं होती, आता फोटोसाठी रांग असते. उन्हापावसानं रंगही पहिल्यासारखा राहिलेला नाही. लवकर सकाळी गेलात तर बरं.

फेरीचं सांगतो. ती जुनी गाड्या नेणारी दुमजली फेरी २०२० संपता संपता बंद झाली. तिचं भाडं एकाच बाजूला घ्यायचे, बेटावरून पलीकडं जाताना फुकट आणि परत येताना १.२० रिंगिट (मलेशियाचं चलन), आईला याचं इतकं अप्रूप होतं की तिनं दोनदा विचारून खात्री केली. २०२३ पासून नव्या छोट्या बोटी आल्यात, माणसं आणि दुचाकींसाठी. मी गेलो, चकचकीत आहेत, वेळेवर आहेत, एसी आहे. जुन्या फेरीत कठड्याला टेकून तोंडावर वारं घेत उभं राहता यायचं, ते मला हवं होतं, ते नाही मिळालं. पण पाण्यातून जॉर्जटाउन दिसतं ते तसंच दिसतं, त्यासाठी जा. फक्त जहाज सुटायच्या शेवटच्या तीन तासांत फेरीत बसू नका.

च्यू जेट्टी मात्र तशीच सापडली. फेरीच्या धक्क्यापासून किनाऱ्यानं थोडं चाललं की एकामागं एक अशा जेट्ट्या लागतात, लिम, च्यू, तान, ली, प्रत्येक जेट्टी एका आडनावाच्या चिनी लोकांची. आपल्याकडं जशी एका भावकीची गल्ली असते तशी, फक्त ही गल्ली समुद्रावर आहे. फळ्यांच्या रस्त्यावर चालताना खाली पाणी दिसतं. पुढच्या घरांत आता टी-शर्ट आणि आइस्क्रीमची दुकानं झालीत, पण टोकापर्यंत चालत जा, तिथं अजून वाळत घातलेले कपडे, देव्हारे, दारात बसलेल्या म्हाताऱ्या आहेत. लोक तिथं राहतात हे विसरू नका, दारातून आत कॅमेरा घालू नका.

वेळ उरला तर जालान मशीद कापितान केलिंग या एका रस्त्यानं चाला. १८१८ चं चर्च, चिनी लोकांचं करुणादेवीचं मंदिर, तमिळ लोकांचं १८३३ चं महामारियम्मन मंदिर (त्याचं मोठं दार मागच्या क्वीन स्ट्रीटवर आहे) आणि १८०१ ची मशीद, सगळं एका रस्त्याला लागून. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या जातीधर्माची गर्दी बघितलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

८. खाणं आणि ऊन

ऊन आपल्यासारखं ४२-४३ चढत नाही, ३०-३२ च असतं, पण हवेत पाणी इतकं की अर्ध्या तासात सदरा भिजतो. टोपी, पाणी, सुती कपडे. दुकानांपुढं सलग पडव्या असतात, पाच फुटी वाट म्हणतात त्याला, सावलीनं चालता येतं. पाय थकले तर जुन्या शहरात फुकट फिरणारी कॅट बस आहे, आणि लांब जायचं तर टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप, जे सिंगापूरलाही चालतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस कमी, सप्टेंबर-ऑक्टोबरला जास्त.

शाकाहाऱ्यांची चिंता नको. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण मिळतं, भात, सांबार, रस्सम, दोन भाज्या, वाढत राहतात. रोटी चनाई म्हणजे आपल्या लच्छा पराठ्याची जवळची बहीण, सोबत दाल. एक जपा: तिथल्या संबलमध्ये, लाल चटणीत, बहुतेक वेळा सुकवलेल्या कोळंबीचं बेलाचान असतं, फळांच्या रोजाकमध्येही असतं, आणि असम लक्सा, म्हणजे आंबट रश्श्यातल्या शेवया, माशाचाच. "नो मीट" म्हणून भागत नाही, "नो फिश, नो प्रॉन" असं सांगा. चेंडोल सगळ्यांनी प्यावं, बर्फाचा किस, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, हिरव्या शेवया आणि राजमा, ऐकायला विचित्र पण उन्हात जीव शांत होतो. आणि जायफळाचं सरबत. पेनांगला जायफळाच्या बागा आहेत, आपण बी किसतो, ते लोक वरच्या फळाचा रस काढतात. बाटलीबंद घ्यायचं असेल तर सीलबंदच घ्या.

९. परतीला

ठरवलेल्या वेळेच्या तासभर आधी पिअरकडं वळा. कार्ड हातात, पाण्याची बाटली संपवलेली, खाण्याचं उघडं काही पिशवीत नको.

आम्ही वळलो तेव्हा मुलगी लेबुह क्वीनवर मंदिराजवळ थांबली. पूजेचं साहित्य विकणारी एक बाई होती, तरुण, ताटात पानं, फुलं, हळद आणि चिरलेल्या सुपाऱ्या. मुलीनं बोटानं दाखवून एक विडा घेतला. पैसे दिले, त्या बाईनंही घेतले. जहाजावर चढल्यावर आम्ही डाव्या बाजूच्या डेकवर उभे राहिलो, घड्याळाचा मनोरा लहान होत गेला, मग दिवे लागले. तिनं तो विडा उघडून सुपारीचा तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं, आणि थुंकला मात्र नाही.